लाटांपासून वीज : बेटांची गरज आणि समुद्राची परीक्षा

समुद्राच्या लाटांपासून ऊर्जा मिळविण्याची कल्पना दोनशे वर्षांहून जुनी असली, तरी या विजेचा व्यापारी वापर अद्याप जगात कोठेही मोठ्या प्रमाणावर सुरू झालेला नाही. सौर व पवन ऊर्जेच्या तुलनेत ती महाग आहे आणि तिच्यात जोखीमही अधिक आहे. मात्र मुख्य भूमीपासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या आणि डिझेल जनित्रांवर अवलंबून असलेल्या बेटांसाठी हे गणित वेगळे ठरते. स्कॉटलंडमधील आयला, पोर्तुगालच्या अझोर्स द्वीपसमूहातील पिको, ऑस्ट्रेलियातील किंग बेट अशा ठिकाणी या तंत्राचे महत्त्वाचे प्रयोग झाले, त्यामागे हेही एक कारण आहे. भारतात हा विषय प्रामुख्याने लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबार यांच्याशी निगडित आहे. गेल्या तीन दशकांच्या अनुभवातून एक गोष्ट स्पष्ट झाली आहे. लाटेत ऊर्जा किती आहे यापेक्षा यंत्र समुद्रात किती वर्षे टिकते, यावर या विजेची खरी किंमत ठरते.

लाटेतील ऊर्जा

सूर्याच्या उष्णतेने हवा कमी-अधिक तापते, त्यातून वारे वाहतात आणि वाऱ्यामुळे समुद्राच्या पृष्ठभागावर लाटा उठतात. त्या अर्थाने लाट हे सौर ऊर्जेचेच साठविलेले रूप होय. खोल समुद्रात लाट पुढे सरकते तेव्हा पाणी मात्र जवळपास जागच्या जागी वर्तुळाकार फिरते. पुढे जाते ती ऊर्जा. वाटेत तिचा फारसा ऱ्हास होत नसल्याने लाटा हजारो किलोमीटरचा प्रवास करू शकतात. दक्षिण हिंदी महासागरातील वादळात उठलेल्या लाटा काही दिवसांनी केरळ आणि लक्षद्वीपच्या किनाऱ्यावर येऊन आदळतात, तेव्हा स्थानिक हवा पूर्णपणे शांत असू शकते. मल्याळम भाषेत या प्रकाराला 'कल्लक्कडल' म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र असे म्हणतात. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र अशा लाटांचा इशारा देत असते.

लाटेची ताकद किनाऱ्याला समांतर अशा प्रत्येक मीटर रुंदीमागे किलोवॅटमध्ये मोजतात. ही ताकद लाटेच्या उंचीच्या वर्गाच्या आणि दोन लाटांमधील कालावधीच्या प्रमाणात वाढते. दीड मीटर उंचीच्या आणि आठ सेकंद कालावधीच्या लाटांमधून प्रतिमीटर सुमारे ९ किलोवॅट ऊर्जा वाहते. उंची दुप्पट, म्हणजे तीन मीटर झाली की ती सुमारे ३५ किलोवॅटवर जाते. बारा मीटर उंचीच्या आणि चौदा सेकंद कालावधीच्या वादळी लाटांमध्ये ती प्रतिमीटर सुमारे १,००० किलोवॅट भरते.

या आकड्यांतच या तंत्राची मुख्य अडचण दडलेली आहे. यंत्राची कमाई वर्षभरातील साधारण लाटांवर होते. पण त्याची बांधणी मात्र शंभरपट ताकदीच्या वादळासाठी करावी लागते. साध्या दिवशी जे पोलाद आणि काँक्रीट अनावश्यक वाटते, तेच वादळाच्या रात्री यंत्र वाचविते आणि त्याचा खर्च प्रत्येक युनिटवर चढतो.

उत्तर अटलांटिकच्या पूर्व किनाऱ्यावर, म्हणजे स्कॉटलंड, आयर्लंड आणि पोर्तुगालच्या बाजूला, लाटांची वार्षिक सरासरी ताकद जगातील सर्वाधिक ताकदींपैकी आहे. भारतीय किनाऱ्यावर ती त्या मानाने बरीच कमी असून नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या महिन्यांत एकवटलेली असते.

यंत्रांचे प्रकार

लाटेच्या ऊर्जेवर यंत्र चालविण्याचे पहिले ज्ञात पेटंट १७९९ मध्ये पॅरिस येथे गिरार्ड पिता-पुत्रांनी घेतले. विसाव्या शतकात जपानचे योशिओ मासुदा यांनी समुद्रातील मार्गदर्शक दिव्यांसाठी लाटांवर चालणारी छोटी जनित्रे विकसित केली. १९७३ च्या तेलसंकटानंतर या विषयाला वेग आला. एडिंबरा विद्यापीठातील स्टीफन सॉल्टर यांनी १९७४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेला निबंध आधुनिक संशोधनाचा आरंभबिंदू मानला जातो. लाटेबरोबर डोलणारे त्यांचे यंत्र 'सॉल्टर यांचे बदक' या नावाने ओळखले गेले.

आजवर शेकडो आराखडे पुढे आले असले, तरी त्यांचे ढोबळ मानाने तीन गट पडतात. पहिला गट हवेच्या कोठीचा. किनाऱ्यावर किंवा बंधाऱ्यात काँक्रीटची एक कोठी बांधतात. तिचा तळ पाण्याखाली उघडा असतो. लाट आत आली की कोठीतील पाणी वर चढते आणि हवा बाहेर ढकलली जाते. लाट ओसरली की हवा पुन्हा आत ओढली जाते. या ये-जा करणाऱ्या हवेवर टर्बाइन फिरते. हवेची दिशा दर काही सेकंदांनी उलटत असल्याने साधे टर्बाइन येथे चालत नाही. बेलफास्ट येथील क्वीन्स विद्यापीठाचे प्राध्यापक ॲलन वेल्स यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात यावर उपाय शोधला. त्यांच्या टर्बाइनची पाती दोन्ही बाजूंनी सारख्या आकाराची असतात. त्यामुळे हवा कोणत्याही बाजूने आली तरी ते एकाच दिशेने फिरते. हे फिरते टर्बाइन पाण्याच्या वर असल्याने समुद्राच्या थेट माऱ्यापासून दूर राहते.

दुसऱ्या गटात लाटेबरोबर वर-खाली होणारी किंवा सांध्यांत वाकणारी तरंगती यंत्रे येतात. त्यांच्या हालचालीतून तेलाचा दाब निर्माण करून अथवा थेट जनित्र फिरवून वीज मिळवितात. तिसऱ्या गटात किनाऱ्याजवळ समुद्रतळाला बिजागरीने जोडलेले मोठे फलक आणि लाटेचे पाणी उंचावरील टाकीत साठवून खाली सोडणारी यंत्रे यांचा समावेश होतो.

विझिंजमचा प्रयोग

या क्षेत्रात भारताने बराच लवकर प्रवेश केला. आयआयटी मद्रास येथे १९८० च्या दशकात लाटाऊर्जेवर संशोधन सुरू झाले आणि १९९१ मध्ये केरळमधील तिरुवनंतपुरमजवळ विझिंजम येथे १५० किलोवॅट क्षमतेचा प्रकल्प उभा राहिला. मासेमारी बंदराच्या बंधाऱ्यालगत काँक्रीटची प्रचंड पेटी समुद्रतळावर बसवून तिच्यावर वेल्स यांच्या पद्धतीचे टर्बाइन चढविण्यात आले होते. पावसाळ्यात वीज अधिक आणि हिवाळ्यात अगदी थोडी, हे तेथील लाटांचे वेळापत्रक प्रकल्पाने पहिल्या काही वर्षांतच दाखवून दिले.

पुढे चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे एनआयओटीने, या प्रकल्पाकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले. लाटांची वीज दर क्षणी कमी-जास्त होते. ती थेट ग्रीडला देण्याऐवजी तिच्यावर समुद्राचे पाणी गोडे करण्याचे संयंत्र चालविण्यात आले. त्याची क्षमता दिवसाला सुमारे १०,००० लिटर होती. वीज साठविणे महाग असते, पाणी मात्र साध्या टाकीत साठविता येते. बेटांसाठी महत्त्वाचा ठरणारा हा धडा भारताला मुख्य भूमीवरच मिळाला. विझिंजमचा प्रकल्प २०११ मध्ये बंद करण्यात आला. आज हे गाव आंतरराष्ट्रीय बंदरामुळे ओळखले जाते.

आयला, पिको आणि किंग बेट

स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील आयला बेटावर क्वीन्स विद्यापीठाने आधी ७५ किलोवॅटचा नमुना चालविला. त्या अनुभवावर आधारित 'लिम्पेट' हे केंद्र २००० मध्ये सुरू झाले. खडकाला घट्ट चिकटून राहणाऱ्या शिंपल्याचे हे इंग्रजी नाव केंद्राच्या रचनेला साजेसे होते, कारण त्याची कोठी कातळी किनाऱ्यातच बांधलेली होती. ५०० किलोवॅट क्षमतेने सुरू झालेल्या या केंद्राची क्षमता नंतर २५० किलोवॅटवर आणली गेली. अपेक्षेपेक्षा कमी वीज मिळाली, तरी केंद्र सुमारे एक तप चालले आणि २०१२ च्या सुमारास बंद झाले.

अझोर्समधील पिको बेटावरील केंद्राची क्षमता ४०० किलोवॅट होती. १९९९ मध्ये बांधून पूर्ण झालेल्या या केंद्राला सुरुवातीपासून समुद्राचे तडाखे बसले. ते काही काळ बंद राहिले, दुरुस्त होऊन पुन्हा चालू झाले आणि अनेक देशांच्या संशोधकांची प्रयोगशाळा बनले. एप्रिल २०१८ मध्ये त्याच्या बांधकामाचा काही भाग समुद्रात कोसळला आणि त्याचे आयुष्य संपले.

किंग बेट ऑस्ट्रेलियाची मुख्य भूमी आणि टास्मानिया यांच्यामधील सामुद्रधुनीत आहे. मुख्य ग्रीडशी ते जोडलेले नाही. तेथे पवन, सौर, बॅटरी आणि डिझेल यांची एकत्रित व्यवस्था आधीपासून होती. २०२१ मध्ये ग्रासी बंदराजवळ २०० किलोवॅट क्षमतेचे हवेच्या कोठीचे यंत्र बसविण्यात आले. त्यात पाणी चढताना हवा झडपांतून मोकळी सोडली जाते आणि पाणी उतरताना एकाच दिशेने टर्बाइनमधून आत ओढली जाते. त्यामुळे अधिक साधे टर्बाइन वापरता येते. एक वर्षाच्या चाचणीत या यंत्राने बेटाच्या ग्रीडला वीज पुरविली आणि २०२२ मध्ये चाचणी संपली. लाटांची वीज इतर स्रोतांच्या सोबतीने छोट्या ग्रीडमध्ये सामावून घेता येते, हे या प्रयोगाने दाखविले.

तरंगत्या यंत्रांचा अनुभव

किनाऱ्यापासून दूर लाटा अधिक ताकदवान असतात, म्हणून अनेक कंपन्यांनी तरंगत्या यंत्रांवर भर दिला. त्यांच्या चाचण्यांसाठी २००३ मध्ये स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर युरोपीय सागरी ऊर्जा केंद्राची स्थापना झाली. तेथे २००४ मध्ये ७५० किलोवॅटच्या 'पेलामिस' या सर्पाकृती यंत्राने राष्ट्रीय ग्रीडला वीज दिली. खुल्या समुद्रातील तरंगत्या यंत्राने ग्रीडला वीज पुरविण्याची ही जगातील पहिली वेळ होती. २००८ मध्ये पोर्तुगालच्या अगुसादोरा किनाऱ्यापुढे अशी तीन यंत्रे बसविण्यात आली. परंतु काही महिन्यांतच ती बंदरात परत आणावी लागली. पेलामिस कंपनी २०१४ मध्ये दिवाळखोरीत निघाली. ऑर्कनीतच 'ऑयस्टर' या बिजागरीच्या फलकाची चाचणी घेणारी कंपनी २०१५ मध्ये बंद पडली.

विझिंजम, आयला आणि पिको येथील प्रकल्प कमी ऊर्जेच्या जागी, किनाऱ्याला धरून उभे होते. तरीही ते बारा ते वीस वर्षे उभे राहिले. अधिक ऊर्जेच्या जागी गेलेल्या यंत्रांचे आयुष्य अनेकदा महिन्यांत मोजावे लागले. या फरकातून बोध घेऊन अलीकडच्या यंत्रांची रचना बदलली आहे. स्वीडनच्या कॉरपॉवर कंपनीचे ३०० किलोवॅटचे यंत्र २०२३ मध्ये अगुसादोरा येथे उतरविण्यात आले. वादळात ते लाटांचा ताल धरण्याऐवजी मुद्दाम ताल सोडते आणि त्यामुळे त्याच्यावरील भार कमी होतो. १८ मीटरहून उंच लाटांतही ते सुरक्षित राहिल्याचे कंपनीने जाहीर केले आहे.

बेटांवरील विजेचा हिशेब

मुख्य भूमीवर लाटांच्या विजेची स्पर्धा सौर प्रकल्पांशी असते, आणि तेथे अडीच-तीन रुपयांना युनिट विकणाऱ्या सौर विजेपुढे तिचा निभाव लागत नाही. किनाऱ्याजवळच्या बेटांनाही तिची गरज पडत नाही. मुंबई बंदरातील घारापुरी बेट हे त्याचे उदाहरण होय. वर्षानुवर्षे संध्याकाळच्या काही तासांपुरत्या जनित्रावर भागविणाऱ्या या बेटाला फेब्रुवारी २०१८ मध्ये साडेसात किलोमीटर लांबीच्या समुद्राखालील केबलने वीज मिळाली.

लक्षद्वीपची बेटे मात्र कोचीपासून २२० ते ४४० किलोमीटर अंतरावर आहेत. तेथे विजेचा मुख्य आधार डिझेल आहे आणि ते जहाजाने न्यावे लागते. जनित्रात एक लिटर डिझेलपासून साधारण तीन ते चार युनिट वीज मिळते. डिझेलचा दर लिटरला ९० रुपये धरला, तर केवळ इंधनाचा खर्च युनिटमागे २२ ते ३० रुपये होतो. वाहतूक, साठवण आणि यंत्रांची देखभाल त्याहून वेगळी. ग्राहकाला वीज स्वस्त दिली जात असल्याने हा फरक सरकारी तिजोरीतून भरून निघतो.

या तुलनेत लाटांची महाग वीजही विचार करण्याजोगी ठरते. विझिंजमएवढे, म्हणजे १५० किलोवॅटचे यंत्र वर्षभरात सरासरी एक चतुर्थांश क्षमतेने चालले, तर सुमारे ३ लाख २८ हजार युनिट वीज मिळेल. तेवढ्यासाठी सुमारे ९० हजार लिटर डिझेल जाळावे लागते. यंत्र वीस वर्षे चालले, तर ही बचत १८ लाख लिटरच्या घरात जाते. तेच यंत्र दुसऱ्या वर्षी वादळात गेले, तर बचतीची जागा कर्ज घेते आणि डिझेलही पूर्वीसारखेच आणावे लागते.

लक्षद्वीप : वीज आणि पाणी

३६ बेटे, अवघे ३२ चौरस किलोमीटर क्षेत्र आणि २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६४ हजार लोकसंख्या असा लक्षद्वीपचा विस्तार आहे. येथे नद्या नाहीत. जमिनीखाली गोड्या पाण्याचा पातळ थर असतो आणि उपसा वाढला की त्यात खारे पाणी शिरते. त्यावर उपाय म्हणून एनआयओटीने २००५ मध्ये कवरत्ती येथे दिवसाला एक लाख लिटर पिण्याचे पाणी देणारे संयंत्र उभारले. समुद्राच्या पृष्ठभागावरील कोमट पाण्याची कमी दाबाखाली वाफ करून, सुमारे ३५० मीटर खोलीवरून आणलेल्या थंड पाण्याने ती गोठविल्याशिवाय द्रवरूप करणे, असे हे तंत्र आहे. २०११ मध्ये मिनिकॉय आणि अगत्ती येथेही अशी संयंत्रे सुरू झाली आणि त्यानंतर आणखी बेटांवर ती हाती घेण्यात आली.

या संयंत्रांचे पंप मात्र बेटावरील विजेवर, पर्यायाने डिझेलवर चालतात. म्हणजेच घरातील पिण्याचे पाणीही अखेर कोचीहून येणाऱ्या इंधनाशी बांधलेले आहे. हा दुवा तोडण्यासाठी समुद्राच्या तापमानातील फरकावर चालणारा ६५ किलोवॅटचा वीजप्रकल्प एनआयओटीने कवरत्तीत हाती घेतला. जानेवारी २०२४ मध्ये तेथे बॅटरीची जोड असलेल्या सौर प्रकल्पाचे उद्घाटनही झाले.

सौर ऊर्जेच्या दोन मर्यादा येथे जाणवतात. पहिली जागेची, एवढ्याशा जमिनीवर माडाच्या बागा, घरे आणि पॅनेल यांना एकत्र सामावणे अवघड असते. दुसरी ऋतूची, जून ते सप्टेंबर या काळात आकाश ढगाळ असते. नेमक्या याच महिन्यांत अरबी समुद्र सर्वाधिक खवळलेला असतो, छोट्या मालवाहू नौकांची ये-जा थांबते आणि इंधनाचा साठा आधीच करून ठेवावा लागतो. सूर्य कमी पडतो तेव्हा लाटा वाढतात, हा लाटांच्या विजेच्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा होय. उरलेल्या महिन्यांत लाटा लहान असल्याने ती एकट्याने बेटाची गरज भागवू शकणार नाही, हेही तितकेच खरे.

प्रवाळ, मासेमारी आणि किनारा

आयला आणि पिको ही कातळी बेटे आहेत. लक्षद्वीप प्रवाळांचे आहे. येथे कोठी कोरण्यासाठी कातळकडा नाही, आणि प्रवाळभित्ती फोडून पाया घालणे म्हणजे बेटाचे संरक्षक कवचच फोडण्यासारखे आहे, कारण लाटांचा जोर आधी या भित्तींवरच मोडतो. भित्तीबाहेर समुद्र झपाट्याने खोल होत जातो. त्यामुळे खोल पाणी जवळ मिळते, पण यंत्र नांगरणे कठीण होते. ट्यूना मासेमारी हा बेटांवरील प्रमुख व्यवसाय असल्याने नांगरदोर आणि केबल कोठून जाणार, हे मच्छीमारांशी बोलूनच ठरवावे लागेल.

यातून सुचणारा एक मार्ग स्पेनच्या बास्क किनाऱ्यावरील मुत्रिकू येथे पाहायला मिळतो. तेथे बंदरासाठी लाटरोधक बंधारा बांधायचाच होता. त्यातच हवेच्या १६ कोठ्या घेऊन २०११ मध्ये २९६ किलोवॅटचे केंद्र सुरू करण्यात आले. बांधकामाचा मोठा खर्च बंदराच्या हिशेबात गेला आणि वेगळी जागाही लागली नाही. लक्षद्वीप आणि अंदमानात धक्के किंवा बंधारे बांधताना अथवा दुरुस्त करताना असा विचार करता येण्याजोगा आहे.

भारतातील सध्याची स्थिती

केंद्रीय नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने ऑगस्ट २०१९ मध्ये सागरी ऊर्जेला नवीकरणीय ऊर्जेचा दर्जा दिला. त्यामुळे वीज वितरण कंपन्यांना नवीकरणीय खरेदीचे बंधन पूर्ण करताना ही वीज गणली जाऊ शकते. देशातील लाटांची सैद्धांतिक क्षमता सुमारे ४०,००० मेगावॅट असल्याचे मंत्रालयाचे अनुमान आहे. सैद्धांतिक क्षमता म्हणजे प्रत्यक्ष मिळणारी वीज नव्हे. खर्च, जागा आणि पर्यावरण यांचा विचार करता ती बरीच खाली येते.

प्रत्यक्षातील पावले अजून लहान आहेत. आयआयटी मद्रासच्या संशोधकांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये तमिळनाडूतील तुतिकोरिनपासून सहा किलोमीटरवर 'सिंधुजा-१' या यंत्राची चाचणी घेतली. त्याची क्षमता १०० वॅट होती. दूरच्या बेटांना वीज व गोडे पाणी मिळावे, हा या संशोधनाच्या उद्दिष्टांपैकी एक आहे. २०२५ मध्ये भारत पेट्रोलियम आणि इस्रायलची इको वेव्ह पॉवर ही कंपनी यांच्यात मुंबईतील तेल टर्मिनलवर १०० किलोवॅटच्या प्रायोगिक प्रकल्पासाठी करार झाला. त्यात तरंगते भाग बंदरातील बांधकामाला जोडलेले असतात आणि जनित्र जमिनीवर राहते.

बेटांवरील कोणत्याही पुढील प्रकल्पाकडे पाहताना जाहीर केलेल्या किलोवॅटबरोबर आणखी तीन प्रश्न विचारणे आवश्यक ठरेल. यंत्राने किती पावसाळे सलग काढले, बिघाड झाल्यास दुरुस्ती बेटावरच होऊ शकते की मुख्य भूमीवरून जहाज मागवावे लागते, आणि त्याच्या विजेमुळे वर्षाअखेर डिझेलची किती पिंपे कमी उतरली? विझिंजम आणि पिको येथील प्रकल्प अपुरे ठरले ते लाटा नव्हत्या म्हणून नव्हे. लाटा आजही तेथे पूर्वीइतक्याच येतात. त्यांच्यासमोर वीस-पंचवीस वर्षे उभे राहणारे आणि बेटावरच्या माणसांना सांभाळता येणारे साधन तयार होणे अद्याप बाकी आहे.